तिसरं चाक

गरगरेमामांचं खरं नाव नाटकगृहात कुणालाच ठाऊक नव्हतं. हजेरीच्या वहीत होतं म्हणतात, पण ती वही ज्याच्या ताब्यात असायची तोही त्यांना गरगरेमामाच म्हणायचा. एकतीस वर्षं हा माणूस फिरत्या रंगमंचाच्या पोटात उभा राहिला. वर राजवाडा जाऊन अरण्य यायचं, लोक टाळ्यांनी छप्पर डोक्यावर घ्यायचे, आणि खाली मामा बनियनवर उभे राहून लोखंडी चाक गरगर ओढत असायचे. त्या टाळ्या त्यांच्यापर्यंत यायच्या त्या फळ्यांच्या फटींतून, धुळीबरोबर गळत.

तळघरात उतरायला एकोणीस पायऱ्या. खाली ग्रीसचा आणि ओल्या लाकडाचा वास. भिंतीला तीन चाकं, प्रत्येक माणसाच्या छातीएवढं. पहिलं चाक वरची भली मोठी तबकडी फिरवायचं. दुसरं एक छोटा पाट वर-खाली करायचं. त्या पाटावर उभं राहून नट तबकडीतल्या चौकोनी भोकातून वर प्रकट व्हायचा. आणि तिसरं चाक ब्रेकचं. ते आवळलं की तबकडी जागच्या जागी मुकी.

ती मुकी राहणं फार गरजेचं होतं. कारण तबकडीच्या खाली, अगदी भोकाला लागून, एक लोखंडी तुळई आडवी गेली होती. ती हलायची नाही. नट भोकातून अर्धा वर आणि अर्धा खाली असताना तबकडी चार बोटं जरी सरकली, तर एका बाजूला भोकाची कड आणि दुसऱ्या बाजूला तुळई. पुढचं कुणी बोलत नसे. तळघरातले लोक त्या तुळईला ‘कातर’ म्हणायचे आणि नव्या नटाला पाटावर उभं करताना एवढंच सांगायचे, “हात अंगाशी धर. कातर कुणाची सोयरी नाही.”

मामांच्या एकतीस वर्षांत कातरीने कुणाचं नखही घेतलं नाही.

मग एका सकाळी बुटाची नाडी बांधता बांधता मामांचा उजवा हात नाडीतच राहिला. तोंड वाकडं झालं. दवाखान्यातून तीन आठवड्यांनी घरी आले ते निम्मे होऊन. जीभ जड, उजवा पाय फरफटत, उजवा हात म्हणजे खांद्याला टांगलेली पिशवी. योगायोग असा की नाटकगृहही त्याच सुमारास दुरुस्तीला बंद झालं. मामा म्हणायचे, “दोघांनाही… एकदमच… लकवा.”

घरात मामा आणि सूनबाई. मुलगा जहाजावर, वर्षातून दोन महिने घरी. सूनबाई रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत पहाटेच्या पाळीला जायची आणि एक वाजता परत यायची. जेवण झालं की ती टीव्हीसमोर मांडी घालून बसायची आणि तासभर गेम खेळायची. मामांना आधी याचा फार राग. शेजारणीला सांगायचे, “लोकांच्या सुना मालिका बघून रडतात. आमची… राक्षस मारते.”

पण हाताचा व्यायाम शिकवणारी बाई आली, तिने रबरी चेंडू दाबायला दिला, तो मामांनी तिसऱ्या दिवशी गॅलरीतून खाली टाकला. तेव्हा सूनबाईने खेळाचं यंत्र त्यांच्या हातात कोंबलं. दोन्ही हातांत धरायचं, अंगठ्याखाली दोन छोट्या काड्या. डावी काडी चालायला, उजवी फिरवायला.

“बाबा, उजवा अंगठा वापरायचा. डाव्याने मदत केलीत तर मी टीव्ही बंद करेन.”

“दमदाटी… करतेस?”

“करते. आणि मी एकदाही हात लावणार नाही. मेलात तर तुम्ही मेलात.”

“छान बोलते हो… सासऱ्याशी.”

खेळात कंदील घेतलेली एक मुलगी होती. ती कुठून आली, कुणाला शोधते, हे मामांनी कधी विचारलं नाही. ती डोंगर चढली, पूल ओलांडला, सगळं ते कंटाळत करत होते. मग ती जमिनीत गाडलेल्या एका गोल बुरुजात उतरली आणि तिथे भिंतीला चाक दिसलं, तेव्हा मामा पुढे सरकून बसले.

पहिल्या दालनात चाक फिरवलं की दालनाची फरशीच फिरायची, आणि तिच्यातलं दार बाहेरच्या दारासमोर आणायचं. सूनबाईला स्वतः खेळताना इथे पाऊण तास लागला होता. मामांनी दार दोन वेळा पुढे जाऊ दिलं, थांबले, आणि म्हणाले, “वजन आहे. आधीच… सोडायचं. स्वतःच्या जोराने… येतं.” चाक सोडलं. फरशी घरंगळत आली आणि दार दारासमोर टेकलं.

“अगं बाई!” सूनबाई म्हणाली.

दुसऱ्या दालनात चाकाने पाणी चढायचं. पाण्यावर एक ओंडका, ओंडक्यावर मुलगी. पाणी जास्त चढलं तर ती छताला चिरडायची. मामांनी तिला छताखाली दोन हात अंतरावर थांबवलं, कारण पाट वर नेताना ते नाटकातल्या थोरल्या बाईंना नेमके तसेच थांबवायचे, केसांतला मुकुट लागू नये म्हणून. त्या दिवशी जेवताना त्यांनी उजव्या हाताने चमचा धरला. सांडला, पण धरला.

तिसऱ्या दालनात मात्र घोडं पेंड खाऊ लागलं.

तिथे फरशी साखळ्यांवर लोंबत होती. खाली काळोख. भिंतीवर तीन चाकं शेजारी शेजारी. एक फरशी फिरवायचं, एक पायरी वर आणायचं, एक फरशी जखडायचं. तिन्ही नीट झाली की वरचं दार उघडणार. पण चाकं फिरवून मुलगी मधोमध आली की समोरच्या अंधारातून एक दगडी जनावर निघायचं आणि फरशीच्या एका कडेला येऊन उभं राहायचं. बस, एवढंच. अंगावर यायचं नाही, ओरडायचं नाही. नुसतं उभं राहायचं. त्याच्या वजनाने फरशी सावकाश कलायची, कलता कलता फिरायची, आणि मुलगी घसरत जाऊन फरशी आणि भिंत यांच्या फटीत सापडायची. कंदील विझायचा.

पहिल्या दिवशी पाच वेळा विझला.

सूनबाईचा तर्क असा की चाकांचा क्रम चुकतोय. तिने प्रयोगशाळेतल्या चिठ्ठीच्या मागे सहा क्रम लिहिले. एक-दोन-तीन, एक-तीन-दोन, असे. मामा एकेक करून बघत, ती खूण करत जाई. प्रत्येक चाक शेवटी खट्ट वाजून घट्ट व्हायचं, म्हणजे काम झालंच असणार. तरी जनावर यायचं, तरी फरशी कलायची. सहाही क्रम झाले. पुन्हा पहिल्यापासून झाले.

“राहू दे बाबा. कंटाळा आला असेल तर सोडून देऊ.”

मामांना कंटाळा आला नव्हता. त्यांना त्या जनावराची भीती वाटायला लागली होती. रात्री काही नाही, पण दुपारी दोन वाजले की ते घड्याळाकडे बघायचं टाळायचे. ते नुसतं उभं राहतं, हे त्यांना फार वाईट वाटायचं. वजन असणं एवढाच त्याचा गुन्हा.

चौथा दिवस म्हणजे नाटकगृह पुन्हा उघडण्याचा दिवस. चार वाजता खेळ. निमंत्रणाची पत्रिका टीव्हीवर पडून होती. मामांना पहिल्या रांगेत खुर्ची ठेवली होती, पण त्यांनी जायचं नाही म्हणून सांगून टाकलं होतं. “प्रेक्षकांत? मी?” एवढंच म्हणाले. चाकांना आता नवा माणूस होता, पूर्वी लिफ्टा दुरुस्त करायचा, हुशार. सगळे त्याला लिफ्टवालाच म्हणत.

सकाळी थोरल्या बाईंचा फोन आला होता. बहात्तर वर्षांच्या. तीस वर्षं मामांच्या पाटावरून वर गेलेल्या. त्यांना आजच्या खेळात एकच प्रवेश दिला होता, पाताळातून राणी वर येते तो.

“मामा, रुसून बसलायस म्हणे?”

“नाही.”

“बसलायस. बस. मी मात्र त्या भोकातूनच येणार. म्हणाले, बाई, पडद्याआडून चालत या, गुडघे दुखतील. म्हटलं, मेले गुडघे! आणि वर बघ, साठ जणांचा घोळका एका बाजूला उभा राहून माझी वाट बघणार. साठ! आपल्या काळी आठ मिळायचे.”

“तालीम… झाली?”

“शाळेच्या सभागृहात. जमिनीवर खडूचं गोल काढून. तबकडी परवा तर मिळाली हातात. चार जण उभे करून फिरवून बघितली, लोण्यासारखी फिरते. ठेवते आता.”

दुपारी तीनला मामा पुन्हा त्या बुरुजात उभे होते. सूनबाई शेंगा सोलत होती. पडद्याकडे बघून बघून तिचे डोळे विटले होते, म्हणून ती सहज मामांच्या हाताकडे बघत बसली. पहिलं चाक. अंगठा उजवीकडे गोल. दुसरं. उजवीकडे गोल. तिसरं.

“बाबा, थांबा.”

“काय?”

“तिसऱ्याला अंगठा डावीकडे का फिरवता?”

“कुठे?”

“आत्ता फिरवलात. परत करा. हे बघा. डावीकडे.”

मामांनी अंगठ्याकडे असं बघितलं जणू तो शेजाऱ्याचा आहे. “तिसरं… डावीकडेच असतं,” ते म्हणाले.

“कुणी सांगितलं? इथे तिन्ही सारखी आहेत. उजवीकडे फिरवून बघा ना. आपण चार दिवस क्रम बदलतोय, दिशा कुठे बदलली?”

मामांनी तिसरं चाक उजवीकडे फिरवलं. अंगठ्याला ते आवडेना, दोनदा परत आला. शेवटी खट्ट. मुलगी मधोमध गेली. जनावर आलं, कडेला उभं राहिलं. फरशी हलली नाही. जनावर तसंच उभं, मुलगी तशीच उभी. वर दगड सरकला आणि उजेडाचा एक पट्टा तिच्या कंदिलावर पडला.

“सुटलं!” सूनबाईने शेंगांसकट टाळी वाजवली. “बाबा, सुटलं! बाबा?”

मामांचा चेहरा चुन्यासारखा झाला होता.

तिसरं चाक डावीकडेच असतं. कुठल्या तळघरात?

एकवीस वर्षांपूर्वी ब्रेकचा स्क्रू ऐन मध्यंतरात तुटला होता. मामांनी भंगारातल्या एका छापखान्याच्या यंत्राचा स्क्रू काढून ठोकून बसवला. त्याचे आटे उलटे निघाले, डावीकडे आवळायचं आणि उजवीकडे सोडायचं. त्या दिवशी खेळ निभावला. सोमवारी बदलू म्हणाले. पण मधल्या शनिवारी मामांना ताप भरला, बदली माणसाला तबकडी थांबवता येईना, आणि खेळ रद्द झाला. रविवारी व्यवस्थापक स्वतः फळं घेऊन घरी आला. “तुमच्याशिवाय पान हलत नाही हो, मामा. त्या चाकाला तुमचाच हात लागतो.” मामा उशीला टेकून ऐकत राहिले. दहा वर्षांत त्या घराची पायरी नाटकगृहातलं कुणी चढलं नव्हतं. मग तो सोमवार आलाच नाही. स्क्रूवर लोखंडी पेटी बसवली, आत ग्रीस भरलं, आणि कुणाला काही सांगितलं नाही.

दोन्ही टोकांना ते चाक सारखंच घट्ट लागायचं. उजवीकडे शेवटपर्यंत नेलं तर कुणीही शपथेवर सांगितलं असतं की ब्रेक लागला. सोडायचा म्हणून डावीकडे एक-दोन फेरे दिले तरी तबकडी मोकळीच राहायची, धरायला पाच लागायचे. तबकडी रिकामी असेल, चार माणसं असतील, तर ती स्वतःच्या जडपणाने उभीही राहायची. साठ माणसं एका बाजूला आली की मात्र ती कलून सरकणारच.

आणि दोन महिन्यांपूर्वी लिफ्टवाला वही घेऊन याच खोलीत, याच खुर्चीत बसला होता. “मामा, काही खास? कुठलं चाक वेगळं चालतं वगैरे?” मामा म्हणाले होते, “उजवीकडे आवळ. डावीकडे सोड. सगळी… सारखी.” त्याने परत विचारलं, मामांनी परत तेच सांगितलं. त्याने ते लिहून घेतलं आणि पाया पडून गेला.

“बाई,” मामा म्हणाले. “बाईंना… फोन. लाव. लवकर.”

तुटक तुटक शब्दांतून सूनबाईला कळायला चार मिनिटं लागली. साडेतीन. थोरल्या बाईंचा फोन बंद, रंगायला बसल्या असतील. नाटकगृहाचा फोन वाजत राहिला. लिफ्टवाल्याचा लागेना, आणि तळघरात तो कधी लागणारही नव्हता, हे मामांना पक्कं ठाऊक होतं.

“चला,” सूनबाई म्हणाली.

तीन मजले उतरायला जो वेळ लागला तो मामांनी मोजला नाही. तिने त्यांना स्कूटरवर मागे बसवलं, आपला प्रयोगशाळेचा पांढरा कोट दोघांच्या कमरेभोवती फिरवून बाह्यांची गाठ मारली आणि निघाली. लोक वळून बघत होते. एका चौकात दिवा लाल होता. ती थांबली नाही.

मागच्या दाराशी द्वारपाल खुर्चीत बसला होता. “अरे वा, मामा! आलात अखेर! पण पुढून जायचं, पाहुण्यांनी…”

“पडदा?” मामांनी विचारलं.

“गेला की वर. वीस मिनिटं झाली. व्यवस्थापकांनी उशीर नको म्हणून दहा मिनिटं आधीच उघडला, कधी नव्हे ते.”

सूनबाई तोपर्यंत आत पळाली होती. मामा तळघराच्या तोंडाशी पोचले, कठडा धरला, आणि उजवा पाय पहिल्याच पायरीवर दुमडला. मग ते खाली बसले आणि बसल्या बसल्या, पायरीगणिक आपटत, उतरू लागले. खालून आवाज येत होते.

“कोण तुम्ही? खाली यायला मनाई आहे!”

“तिसरं चाक डावीकडे फिरवा. आत्ता. ब्रेक सुटलेला आहे.”

“बाई, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का? ब्रेक मी स्वतः आवळलाय. डावीकडे म्हणजे सोडू? वर साठ माणसं आहेत, पाटावर बाई आहेत!”

“आवळलेला नाही तो. उलटा आहे. मामांनी सांगितलंय.”

“मामांनीच मला सांगितलंय! माझ्या वहीत आहे!”

मामा सातव्या पायरीवर होते. तिथून सगळं दिसत होतं. लिफ्टवाला तिसऱ्या चाकाला पाठ लावून उभा, हात पसरून, घर राखणाऱ्या कुत्र्यासारखा. आणि थोरल्या बाई पाटावर, लाल शालूत, खांद्यापर्यंत भोकातून वर गेलेल्या. साठ जणांचे पाय डोक्यावर एका बाजूने सरकत होते. छतातून धुळीची बारीक धार सुरू झाली होती. भोकाची कड तुळईकडे चालली होती. दोन बोटं सरकली असेल. तिला घाई नव्हती.

मामांनी ओरडायला तोंड उघडलं. जीभ हलली नाही. एकतीस वर्षं ज्याच्या डोक्यावर माणसं गळा काढून बोलली त्याला एक शब्द निघेना. त्यांनी उजवा हात उचलला, ती टांगलेली पिशवी, आणि हवेत फिरवला. डावीकडे. पुन्हा डावीकडे.

लिफ्टवाल्याने बघितलं, पण हात चाकाकडे जाईना. कसा जाणार? चुकला असता तर त्याच्याच हाताने बाई गेल्या असत्या.

भोकात बाईंनी मान वाकवून खाली बघितलं. त्यांना कडेचं लोखंड दंडाला लागलं असावं. “कोण, मामा आलाय का?” त्या कुजबुजल्या. “काय म्हणतोय?”

“डावीकडे फिरवा म्हणतायत!” सूनबाई म्हणाली.

“मग फिरव की रे मेल्या! मामा म्हणतोय ना?”

लिफ्टवाल्याने डोळे मिटले आणि चाक डावीकडे ओढलं. एक फेरा, दोन, पाच. ग्रीसमध्ये काहीतरी करकरलं. साऱ्या तळघराला एक हिसका बसला. आणि धुळीची धार थांबली.

चार बोटांतलं एक उरलं होतं. सूनबाईने नंतर स्वतःचं बोट घालून बघितलं.

दुसरं चाक फिरलं, पाट चढला, बाई वर गेल्या. फळ्यांतून टाळ्या गळू लागल्या.

मध्यंतरापर्यंत मामा सातव्या पायरीवरच बसून होते. पडदा पडल्यावर लिफ्टवाला आला आणि दोन पायऱ्या खाली उभा राहिला. त्याच्या हातात वही होती, पण त्याने ती उघडली नाही.

“मामा, मी दोनदा विचारलं होतं.”

“हो.”

“विसरला होतात?”

हो म्हणणं किती सोपं होतं! आजारी माणूस, मेंदूला झटका, कुणीही मान्य केलं असतं. सूनबाईही त्याच आशेने बघत होती. मामांना त्या दुपारची खुर्ची आठवली, वही आठवली, तरणा हुशार माणूस आठवला, आणि ‘सगळी सारखी’ म्हणताना छातीत काहीतरी गोड झालं होतं, ते आठवलं. का झालं होतं?

“माहीत… नाही,” मामा म्हणाले. “खरंच… माहीत नाही. पण मी… एकवीस वर्षं… लपवलं. ते माहीत आहे.”

लिफ्टवाला खालच्या पायरीवर बसला आणि त्याने वही उघडली. “आणखी काय आहे?”

मामांनी सांगायला सुरुवात केली. पेटीतला स्क्रू. पहिल्या चाकाचा एक दात झिजलाय, तिथे झटका बसतो. पाट उजव्या अंगाला किंचित कलतो. एकेक शब्द ओढून काढावा लागत होता, आणि लिफ्टवाला प्रत्येक शब्दाला थांबत होता.

“दुसरं चाक?”

“सरळ.”

“नक्की?”

“नक्की.”

लिफ्टवाल्याने मान हलवली. मग तो उठला, दुसऱ्या चाकापाशी गेला, पाट रिकामा असल्याची खात्री केली, आणि चाक आधी उजवीकडे, मग डावीकडे, शेवटपर्यंत फिरवून बघितलं. नंतर तिसरं. नंतर पहिलं. वर माणसं चढवून परत तिन्ही. मामा पायरीवरून बघत होते. सूनबाईला वाटलं, आता ते चिडतील.

ते चिडले नाहीत. माणसं चढवल्यावर त्याने तिसरं चाक एकदाच तपासलं, तेव्हा मात्र म्हणाले, “अजून… एकदा.”